मोजलेल्या इमारतींच्या दप्तराविषयी : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांस अनावृत पत्र

माननीय मंत्रिमहोदय,



सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि लोकांच्या तोंडी नुसत्या ‘जे. जे.’ या नावाने रुळलेल्या कलाशाळेच्या विस्तारलेल्या कुटुंबास २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, ही वार्ता आपल्या खात्याच्या दृष्टीने आता जुनी झाली असेल. परंतु दर्जा मिळणे हे एका हुकुमाचे काम असले, तरी त्या दर्जास शोभेल असा शिरस्ता घालून देणे हे पुष्कळ वर्षांचे काम असते. आणि अध्यापकांच्या नेमणुका कोणत्या निकषांवर व्हाव्यात, त्यांच्या हातून घडलेल्या कामापैकी कशास संशोधन म्हणावे व कशास म्हणू नये, यांविषयीचे नियम एकदा छापून प्रसिद्ध झाले की ते बदलावयास एक पिढी खर्ची पडते, याचा अनुभव आपल्याहून अधिक कोणास असणार? म्हणून हे पत्र. ते केवळ जे. जे.पुरते नाही; राज्यात वास्तुकलेचे शिक्षण देणाऱ्या सर्वच संस्था या ना त्या नात्याने आपल्या खात्याशी बांधलेल्या आहेत, आणि मी जे मांडणार आहे ते त्या सर्वांनाच लागू पडते.

मी व्यवसायाने वास्तुविशारद. आयुष्याचा पुष्कळसा भाग कचेरीत घरांचे व शाळांचे नकाशे करण्यात, जवळजवळ तितकाच वास्तुकलेच्या वर्गात, आणि उरलेला पश्चिम महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांच्या व देवळांच्या आवारांत मोजमापे घेण्यात गेला. त्यामुळे सरकारी कागद भरताना माझी नेहमीच पंचाईत होते. ‘व्यवसाय’ या रकान्यासमोर जागा असते ती एका शब्दापुरती. ‘अध्यापनाचा अनुभव’ मांडताना व्यवसायाची वर्षे वजा जातात. आणि ‘संशोधन’ या रकान्याशी आले की समोरचा गृहस्थ मोठ्या सौजन्याने विचारतो, की हे वाड्यांचे नकाशे आपण काढलेत खरे, पण ते कोणत्या नियतकालिकात छापून आले? छापून आलेले नसतील, तर त्यांची गणना छंदात होते. एका शिक्षणसंस्थेच्या निवड समितीने एका अख्ख्या पेठेतील वाड्यांच्या आरेखनांची, विद्यार्थ्यांसह कित्येक हिवाळे खपून तयार केलेली चोपडी अदबीने बाजूस सारून त्या रकान्यात शून्य मांडले होते. त्या पदाची मला निकड नव्हती, म्हणून शून्याचे दुःखही फारसे झाले नाही. पण समितीतील विद्वानांच्या हातातला तक्ता तसाच छापलेला होता आणि त्यांनी तो इमानाने भरला, हे दिसत असल्यामुळे रागावायचे कोणावर, हाच प्रश्न पडला. तक्ता जेथे घडतो तेथे लिहावे, हे त्याचे उत्तर मला उशिरा सुचले.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, इमारत रचणे, ती रचावयास शिकवणे आणि पूर्वी रचलेल्या इमारतींचा शोध घेणे ही वास्तुविशारदाच्या आयुष्यातील एकाच कामाची तीन अंगे आहेत. ती जेथे एकत्र येतात ती जागा म्हणजे जुन्या इमारतीचे प्रत्यक्ष मोजून केलेले आरेखन. आणि या राज्यात अशा आरेखनांचा जो अफाट साठा दरवर्षी निर्माण होतो, तो दरवर्षी नाहीसाही होतो, कारण आपल्या कोणत्याही नोंदवहीत त्याला नाव नाही.

या तिन्ही अंगांचा मेळ घालणे ही काही आजची टूम नव्हे. क्लॉड बॅटली या इंग्रज वास्तुविशारदाचे नाव आपल्या कानी असेलच. १९१३ साली तो मुंबईत आला, ग्रेगसन, बॅटली अँड किंग या पेढीचा भागीदार म्हणून त्याने व्यवसाय केला, १९२३ पासून १९४३ पर्यंत जे. जे.मधील वास्तुकलेच्या अध्यापनाची धुरा वाहिली, आणि १९५६ साली याच शहरात देह ठेवला. मुंबई सेंट्रलचे १९३० साली उघडलेले स्थानक ज्याने आखले, मलबार हिलवरील बॅरिस्टर जीनांचा बंगला ज्याने आखला, तोच मनुष्य आपल्या विद्यार्थ्यांना हाती टेप देऊन देवळांच्या, मशिदींच्या व जुन्या घरांच्या मोजणीस लावीत असे. त्या परिश्रमाचे फळ म्हणजे १९३४ साली प्रसिद्ध झालेला, भारतीय वास्तुकलेतील रचनेच्या विकासावरचा त्याचा ग्रंथ. त्यात वर्णन बेताचे आणि आरेखने भरपूर: खांब, कंगोरे, महिरपी, जाळ्या, तलविन्यास, छेद, सगळे प्रमाणात काढलेले. जुन्या वास्तूंविषयी इंग्रजीत लिहिणाऱ्या त्याच्या पूर्वसूरींना काल, राजवंश आणि शैली यांची वंशावळ मांडण्याची हौस होती. बॅटलीला हवे होते ते हे, की उद्या कचेरीत बसून छज्जा आखणाऱ्या मुलाला हा जुना छज्जा भिंतीपासून किती पुढे काढला आहे आणि का, हे कळावे. हा प्रश्न रचनाकाराचा आहे. इतिहासकाराला तो सहसा पडत नाही, आणि नुसत्या अध्यापकाला तो पडला तरी त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी त्याच्यावर कधी आलेली नसते.

बॅटलीचे मी पोवाडे गात आहे असे समजू नये. परक्या सत्तेच्या अमदानीत परक्या माणसाने येथल्या मुलांना ‘तुम्ही तुमची परंपरा सोडू नका’ असे बजावावे यात एक विसंगती होती, आणि ती त्याच्या विद्यार्थ्यांच्या ध्यानात आल्याशिवाय राहिली नसेल. त्यांनी गुरुजींचे थोडे ऐकले आणि पुष्कळ ऐकले नाही. पश्चिमेकडून आलेल्या नव्या शैलीविषयी बॅटली साशंक होता. आणि नेमक्या त्याच काळात ओव्हल मैदानाच्या पश्चिमेस व मरीन ड्राइव्हच्या कडेने त्याच नव्या शैलीतल्या गोलाई घेतलेल्या सज्ज्यांच्या इमारती एकापाठोपाठ एक उठत होत्या. ‘सूना महल’ आखणारे गो. ब. म्हात्रे हे त्या पिढीचे. गंमत अशी की, गुरूला ज्यांच्याविषयी शंका होती, त्याच इमारती त्यांच्या समोरच्या व्हिक्टोरियन गॉथिक वास्तूंसह २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, आणि आज विद्यार्थी टेप घेऊन जातात ते त्यांच्याच जिन्यांची व कठड्यांची मापे घ्यावयास. म्हात्र्यांच्या कामाचा अभ्यास ग्रंथरूपाने आपल्या हाती आला तोही कमू अय्यर यांच्यामुळे, म्हणजे जन्मभर व्यवसाय आणि अध्यापन दोन्ही करीत आलेल्या एका वास्तुविशारदामुळे. व्यवसायी माणसाच्या कचेरीतला आजचा कागद हाच उद्याच्या संशोधकाचा अस्सल दस्तऐवज असतो, हे अशा वेळी कळते. पण तोवर बहुतेक कचेऱ्यांचे कागद रद्दीत गेलेले असतात.

त्या काळी या तीन अंगांत भिंत नव्हती याचा आणखी एक दाखला देतो. आज ज्या संस्थेस आपण भारतीय वास्तुविशारदांची अखिल भारतीय संघटना म्हणून ओळखतो, ती जन्मास आली १९१७ साली, जे. जे.च्या माजी विद्यार्थ्यांचा एक मेळावा म्हणून. १९२२ साली ती मुंबईची वास्तुविशारद सभा झाली आणि १९२९ साली तिने आजचे नाव धारण केले. देशातल्या एका व्यवसायाची पंचायत वर्गातल्या बाकांवरून उठली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आता मोजणीविषयी. आपण स्वतः कधी एखादा वाडा मोजला नसेल, म्हणून तपशिलात शिरण्याची परवानगी घेतो.

सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावी, दिवाळीनंतरच्या कोवळ्या उन्हात, दुसऱ्या वर्षाची मुले वाड्याच्या चौकात उतरतात तेव्हा त्यांची समजूत असते की चौक काटकोनात आहे, कारण तो डोळ्यांना तसा दिसतो. चारी बाजू मोजून झाल्या की कागदावर चौकोन काढून मोकळे व्हावे, अशी त्यांची घाई. मग त्यांना सांगावे लागते की दोन्ही कर्णही मोजा. कर्ण मोजले की एक दुसऱ्याहून हातभर लांब निघतो, आणि त्या क्षणी त्या मुलांच्या चेहऱ्यावर जो अविश्वास उमटतो त्यासाठी शिक्षकाने एवढ्या लांबवर यावे. चौक तिरपा का? कारण शेजारचा बोळ वाड्याहून जुना आहे आणि बाहेरची भिंत त्या बोळाच्या वळणाने गेली आहे. पुस्तकांत छापलेल्या तलविन्यासात हा तिरपेपणा बहुधा सरळ केलेला असतो, आणि तो सरळ केला की गावाचा इतिहास त्यातून गळून पडतो.

मोजण्याचीही एक रीत आहे. खांबापासून खांबापर्यंतचे अंतर एकेक करून मोजीत गेले, तर प्रत्येक मापात राहणारी बोटभर चूक साठत साठत ओसरीच्या दुसऱ्या टोकास वीतभर होते. म्हणून टेप एका टोकास शून्यावर रोवून ठेवावी, आणि एकाने पुढे चालत प्रत्येक खांबाशी आकडा पुकारावा, दुसऱ्याने तो वहीत उतरवावा, तिसऱ्याने टेप कोठे झोल खाते काय ते पाहावे. उंचीसाठी ओळंबा, पातळीसाठी पाणी भरलेली नळी. हे केल्यावर वहीत दिसू लागते की चारपाच खण सारखे आहेत, साधारण पाचसहा फुटांचे, आणि कोपऱ्याजवळचा एकच खण आखूड आहे. येथे ज्याने स्वतः कधी बांधकाम केलेले नाही असा शिक्षक म्हणेल, ‘माप पुन्हा घ्या’. ज्याने केले आहे तो प्रथम वर पाहील. वर तुळईच्या सांध्याची घडण निराळी दिसते, त्या खणातल्या कड्या दुसऱ्या लाकडाच्या आहेत, किलच नवी आहे, खांबाचा तळखडाही कोरीव नसून साधा आहे. म्हणजे वाड्याचा हा भाग मागाहून जोडलेला, कदाचित भावांच्या वाटणीत, कदाचित आगीनंतर. लिखित पुरावा हाती येण्यापूर्वीच इमारतीने आपली कैफियत दिली.

त्याच चौकात दुसरे एक शिक्षण होते. एखाद्या भिंतीचा खालचा भाग पोपडे धरून सुटत असतो, आणि मालक तक्रार करतो की एवढ्यातच डागडुजी केली, तरी ओल जात नाही. डागडुजी कसली, तर चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा. चुन्याची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि हवेत सोडते. सिमेंटने तिचा बाहेर पडण्याचा मार्ग बंद झाला की ती ओल भिंतीत कोंडते, आतली माती व विटा मऊ करते आणि भिंतीत शिरलेली तुळईची टोके कुजवते. ही गोष्ट जुन्या वास्तूंच्या अभ्यासकाला ग्रंथांतून ठाऊक असते. पण ‘मग आता काय करावे, किती खर्च येईल, चुना कोठे मिळेल, आणि तो मळणारा गवंडी अजून कोणत्या गावी आहे’ या मालकाच्या पुढच्या प्रश्नाचे उत्तर त्यालाच देता येते, ज्याने कधीतरी स्वतःच्या जबाबदारीवर एखादी भिंत दुरुस्त करून घेतली आहे. आणि वर्गातल्या मुलाला हा सारा संवाद कानी पडणे, हे माझ्या मते त्या दौऱ्याचे सर्वांत मोठे फलित. त्याचे गुण मात्र कोणत्याही परीक्षेत मिळत नाहीत.

वैद्यकीय महाविद्यालयात शस्त्रक्रिया शिकवणारा प्राध्यापक स्वतः शस्त्रक्रिया करतो, आणि तो करीत नसेल तर आपण त्याला वर्गात उभे करणार नाही, ही गोष्ट आपण गृहीत धरली आहे. वास्तुकलेच्या बाबतीत मात्र पूर्णवेळ अध्यापकाने व्यवसाय केला की भुवया उंचावतात, आणि व्यवसायी माणसास अर्धवेळ बोलावले तर त्याला तासिकेच्या हिशेबाने जो मुशाहिरा मिळतो त्यात त्याचा येण्याजाण्याचा खर्चही निघत नाही. नियमच तसे आहेत म्हणावे, तर केंद्राच्या वास्तुकला परिषदेने, १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याखाली, १९८३ साली किमान शैक्षणिक मानकांची जी नियमावली केली, तिच्यातच संस्थांनी आपल्या अध्यापकांना व्यवसायात व संशोधनात भाग घेण्यास उत्तेजन द्यावे, अशा आशयाची तरतूद होती. तरतूद कागदावर राहिली आणि शिरस्ता उलटा पडला. असे का झाले? माझा कयास असा, की विद्यापीठांच्या पदोन्नतीचे तक्ते जी शास्त्रे केवळ निबंधांतून बोलतात त्यांच्यासाठी आखले गेले, आणि आम्ही वास्तुकलेचे लोक त्या तक्त्यांत मागच्या दाराने शिरलो. परिणाम असा की, बुद्धिमान तरुण अध्यापक आज चौकात जाऊन टेप धरण्याऐवजी, पूर्वी कोणी तरी मोजलेल्या वाड्यावर पाच जणांनी काय म्हटले आहे त्याचे सहावे सार लिहितो. त्याला मी दोष देत नाही. त्याच्या घरीही चूल आहे.

या तीन अंगांचा मेळ बॅटलीबरोबर संपला असेही नाही. १९२७ साली पुण्यात जन्मलेले आणि १९४७ साली जे. जे.त दाखल झालेले बाळकृष्ण दोशी पॅरिसला ल कोर्बुझिएकडे काम करून परतले, अहमदाबादेस स्थिरावले, स्वतःची पेढी काढली, १९६२ साली तेथील वास्तुकलेची शाळा सुरू केली आणि १९७८ साली वास्तुशिल्प प्रतिष्ठान ही संशोधनसंस्था स्थापन केली. त्या प्रतिष्ठानाने कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या सहकार्याने इंदूरच्या झोपडवस्त्यांची पाहणी केली: कोण ओट्यावर काय विकतो, दारापुढची जागा कशी वापरली जाते, रस्ता कोठे रुंद होतो आणि का, हे सारे मोजून काढले. या मोजणीतून निघालेली समज पुढे इंदूरच्याच अरण्य वसाहतीच्या रचनेत उतरली. तेथे प्रत्येक कुटुंबास जोते, नळ, संडास आणि वाढीला जागा देऊन बाकीचे घर ज्याचे त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे उभारावे, अशी योजना आहे. त्या वसाहतीस आगाखान पुरस्कार मिळाला, आणि स्वतः दोशी २०१८ साली प्रिट्झकर पारितोषिक मिळवणारे पहिले भारतीय ठरले. आता या कार्यापैकी व्यवसाय कोणता, अध्यापन कोणते व संशोधन कोणते, हे आपल्या तक्त्याच्या रकान्यांत वाटून दाखवावे, अशी माझी त्या निवड समितीला, ती आता विसर्जित झाली असली तरी, विनंती आहे. वारसा म्हणजे केवळ शिखरे आणि महिरपी, असा जो समज आपल्याकडे दृढ आहे, त्यालाही या उदाहरणाने थोडा धक्का बसावा. मोजण्यालायक झोपडीसुद्धा असते.

जे मोजले गेले नाही त्याचे काय होते, हे पाहावयाचे असेल तर आपणांस मंत्रालयातून फार दूर जावयास नको. शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला. बांधकामास १६,११० रुपये लागले हा आकडा आपणांस ठाऊक आहे. राजकारणाची, लग्नकार्यांची, खुनाचीसुद्धा माहिती आहे. पेशवे दप्तरातून गोविंदराव सरदेसायांनी १९३० ते १९३४ या अवघ्या पाच वर्षांच्या काळात निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. आणि एवढे असूनही १८२८ च्या आगीत जळालेले ते दिवाणखाने किती उंच होते, मजले किती, खण किती रुंद, या प्रश्नांवर आज आपल्याला तर्काने भांडावे लागते. उरली आहेत जोती, तटबंदी आणि कारंज्यांचे हौद. कागदांनी भरलेल्या दप्तरात इमारतीचा मोजून काढलेला एक छेद असता, तर कितीतरी वाद मिटले असते. मराठा वास्तुशिल्पावर म. श्री. माटे यांचा प्रबंधग्रंथ १९५९ साली पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला, तेव्हा उभे असलेले किती वाडे आज उभे आहेत, हे पुण्याच्या किंवा नाशिकच्या जुन्या पेठांतून सकाळी एक फेरी मारली की कोणासही समजेल. पडणारा प्रत्येक वाडा वाचवावा, असा माझा आग्रह नाही. वाटण्या झालेल्या, भाडेकरूंनी भरलेल्या, जिना हलणाऱ्या वाड्यात राहणाऱ्या माणसाला वारशाचे व्याख्यान देणे हा उद्धटपणा आहे. पडू द्यावा, पण मोजल्यावाचून पडू देऊ नये.

आणि मोजलेले तरी सुरक्षित कोठे? अजिंठ्याच्या चित्रांच्या ज्या प्रतिकृती रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे खपून केल्या, त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्यास नेऊन ते काम पुन्हा हाती घेतले. त्यांच्याही प्रतिकृतींपैकी पुष्कळ १८८५ साली दक्षिण केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. दोनदा एकाच ठिकाणी एकच प्रत ठेवली, आणि दोनदा आग लागली. आमच्या महाविद्यालयांत तर आगीचीही गरज पडत नाही. मुलांनी केलेली मोजणीची कागदपत्रे वर्षअखेरीस गुण देऊन झाली की कपाटावर जातात, पावसाळ्यात गळते, दिवाळीत रंगसफेदी निघाली की शिपाई विचारतो, ‘साहेब, हे ठेवायचे की काढायचे?’ आणि त्या वेळी उत्तर द्यावयास जो कोणी हजर असेल त्याच्या मर्जीवर एका वाड्याचे भवितव्य अवलंबून असते.

अमेरिकेची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती नेमकी बॅटलीचा ग्रंथ निघाला त्याच सुमाराची आहे. १९३३ साली, मंदीच्या लाटेत तेथले वास्तुविशारद बेकार झाले असताना, चार्ल्स पीटरसन या सरकारी नोकरीतल्या वास्तुविशारदाने सुचवले की या मंडळींना वेतन देऊन देशातील जुन्या इमारती मोजावयास लावावे. सुचविल्यानंतर थोड्याच दिवसांत काम सुरू झाले. पुढल्या वर्षी राष्ट्रीय उद्यान खाते, वास्तुविशारदांची संघटना आणि काँग्रेसचे ग्रंथालय या तिघांत करार होऊन ठरले, की मोजणी सरकारने करावी, सल्ला व्यवसायाने द्यावा आणि कागद ग्रंथालयाने सांभाळावेत. तो उपक्रम अजून चालू आहे. उन्हाळ्याच्या सुटीत विद्यार्थी त्यात काम करतात, आणि ती आरेखने कोणालाही पाहावयास मिळतात. आमच्याकडे हे तिन्ही पक्ष आहेत, विद्यार्थी तर हजारोंनी आहेत, आणि त्यांचे श्रम अभ्यासक्रमाचा भाग असल्यामुळे फुकटही आहेत. उणीव आहे ती फक्त कराराची.

आपणांकडे मागणे आहे ते मी आता स्पष्ट करतो. जे. जे.च्या नव्या विद्यापीठासाठी, आणि शक्य असेल तेथवर राज्यातील इतर वास्तुकला संस्थांसाठी, नेमणुकीचे व पदोन्नतीचे नियम करताना, प्रमाणात काढलेले, तारखेनिशी व मोजणाऱ्यांच्या नावांनिशी रुजू केलेले वास्तुआरेखन, आणि अध्यापकाने स्वतःच्या जबाबदारीवर पूर्ण केलेली नवी इमारत किंवा जुन्या इमारतीची दुरुस्ती, यांना छापील निबंधाच्या तोलाचे संशोधन मानावे. कसोटी सैल ठेवू नये. दोन बाहेरच्या तज्ज्ञांनी जागेवर जाऊन, कोणतीही चार मापे पुन्हा घेऊन आरेखन तपासावे, म्हणजे कचेरीत बसून अंदाजाने काढलेले वाडे आपोआप उघडे पडतील. छापील निबंधांना अशी तपासणी लावली तर काय होईल, याचा विचार मी येथे करीत नाही. अध्यापकास आठवड्यातून एक दिवस व्यवसायासाठी उघडपणे मोकळा असावा, चोरून नव्हे; आणि व्यवसायी वास्तुविशारद शिकवावयास आला तर त्याला तासाच्या हिशेबाने न मोजता सत्राच्या हिशेबाने नेमावे.

दुसरे, या आरेखनांचे एक दप्तर उभारावे. नवी इमारत नको. नव्या इमारतीचा प्रस्ताव निघाला की मूळ काम दहा वर्षे मागे पडते, हे मी इमारती बांधणाऱ्या मनुष्याच्या नात्याने सांगतो. पुराभिलेख संचालनालयाकडे कागद सांभाळण्याची विद्या आहे, पुरातत्त्व संचालनालयाकडे वास्तूंची यादी आहे, महाविद्यालयांकडे मोजणारे हात आहेत. या तिघांत एक करारनामा व्हावा आणि प्रत्येक आरेखनाची एक प्रत महाविद्यालयात, एक पुराभिलेखात व एक संगणकावर राहावी. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत १९९५ साली वारसा वास्तूंचे नियम आले, श्रेणी लागल्या, समित्या बसल्या. पण श्रेणी लावून झाल्यावरही त्या वास्तूचा मोजून काढलेला छेद कोठे पाहावयास मिळेल, हे कोणी विचारले तर उत्तर मिळणे कठीण. मालकाच्या खाजगीपणाचा प्रश्न निघेल. निघू द्यावा, राहत्या घरांच्या आतल्या खोल्यांची आरेखने मालकाच्या संमतीवाचून उघडी करू नयेत, एवढी अट घातली की तो मिटतो.

तिसरे मागणे इतके क्षुद्र आहे की मंत्र्यांना लिहावे की नाही असा संकोच वाटतो; पण बाकीची दोन मंजूर व्हावयास जो काळ लागेल त्या काळात हेच उपयोगी पडेल. प्रत्येक शासकीय व अनुदानित महाविद्यालयात जडवस्तूंची एक नोंदवही असते. तिच्यात बाक, फळे, कपाटे, भिंतीवरचे घड्याळ, मोडक्या खुर्च्यासुद्धा क्रमांकानिशी असतात, आणि म्हणून कोणतीही खुर्ची निर्लेखनाच्या मंजुरीवाचून रद्दीत जाऊ शकत नाही. मुलांनी मोजलेल्या वाड्यांचे कागद त्या वहीत नसतात. आपल्या खात्याने एक परिपत्रक काढून, मोजणीची आरेखने त्या वहीत क्रमांकानिशी नोंदवावीत आणि सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी मंजुरीवाचून ती काढून टाकू नयेत, एवढे फर्मावले, तर त्यासाठी निधी लागत नाही, पद लागत नाही, विधिमंडळही लागत नाही. येत्या दिवाळीच्या रंगसफेदीपूर्वी ते निघावे, अशी विनंती आहे.



आपला नम्र,
एक वास्तुविशारद व अध्यापक